खिंडीतले आजे

या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. राग मानू नका… माझं अलिबागमध्ये चष्म्याचं दुकान आहे, नंबर तपासणं हा माझा धंदा. कुणी लिहिलं की 'चिंचेखाली पांढरी बाई उभी दिसली', की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो – वय काय, नंबर किती आणि चष्मा डोळ्यावर होता की खिशात? आमच्याकडे एक आजोबा यायचे. त्यांना रोज तिन्हीसांजेला अंगणात कुणीतरी बसलेलं दिसायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो बसलेला माणूस म्हणजे त्यांचंच तुळशीवृंदावन निघालं. भुताखेतांबद्दलचं माझं मत हे असं, दुकानात बसून तयार झालेलं आहे.

आता मीच लिहायला बसलेय. दुकानात कुणाला सांगायची सोय नाही. ज्या बाईला न दिसणाऱ्या माणसांची खात्री वाटायला लागली, तिच्याकडून चष्मा कोण करून घेईल? तेव्हा इथे सांगते. नावं बदललेली आहेत, बाकी जसं झालं तसं.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. रेवदंड्याला राहायची, ब्लाऊज शिवायची. तिच्या हातचा ब्लाऊज घातला की दुसऱ्या शिंप्याकडे पाय वळायचा नाही, असं तिकडच्या बायका अजून म्हणतात. भावोजी गेले, मूलबाळ नाही, शिवणाचं मशीन हाच तिचा संसार. तिला काचबिंदू झाला आणि तो कळला उशिरा. घरात चष्म्याचं दुकान असलं की घरातलं कुणी डोळे तपासून घेत नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. काचबिंदूत नजर कडेकडून जाते. समोरचं दिसतं, लांबची होडीसुद्धा दिसते, पण पायाशी असलेली पायरी दिसत नाही, बाजूने आलेली स्कूटर दिसत नाही. बांगडी डोळ्याला लावायची आणि तिच्यातून जग बघायचं, तसं काहीतरी.

पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्स घालून उरलेली टिकवायची. आणि पडायचं नाही. या वयात मांडीचं हाड मोडलं तर बाई अंथरुणाला खिळते. उन्हाळ्यात मी ताईला माझ्याकडे आणली. दुकानाच्या वरच आमचं घर. आमचे हे मुंबईला नोकरीला, शनिवारी मांडव्याच्या बोटीने येतात, रविवारी जातात. म्हणजे घरात आम्ही दोघीच. आणि त्या दिवसांत मला एकच घोर होता, ताई पडू नये. खाली गिऱ्हाईकाच्या डोळ्यात बॅटरी मारतानाही माझा कान वरच्या आवाजाकडे असायचा. भांडं पडलं तरी मी जिन्याकडे धावायची.

तिची एकच इच्छा होती. समुद्राच्या काठावर जन्म गेला, पण समुद्र वरून कधी बघितला नाही, म्हणाली. समोरचं दिसतंय तोवर एकदा सगळाच्या सगळा बघून घेते. मी टाळाटाळ केली. कुलाबा किल्ल्यावर नेते म्हटलं, तर म्हणाली तो समुद्रातच आहे, वर कुठे आहे. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर डोंगर. अलिबाग–रोहा रस्त्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे रील काढणाऱ्यांची जत्रा भरेल. गावामागे डोंगर आहे. ट्रेक म्हणावा असाही नाही, शाळेच्या सहली जातात. अर्ध्या चढावर एक सपाटी आणि तिथे गवळी धनगरांची वाडी, मोजकी घरं. वाडीच्या वर एक अरुंद, निसरडी घळ आहे. घळीतून चढून गेलं की खिंड. खिंडीच्या पुढे थोडं चाललं की माथा आणि माथ्यावरून समुद्र.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघीच निघालो, हे त्या आठवड्यात आले नव्हते. पाऊस उघडला होता, सगळ्या उतारावर तेरडा फुलला होता. मी पुढे, ताई मागे. मी सारखी सांगत होते – दगड आहे, खड्डा आहे, उंच पाय टाक. थोड्या वेळाने ती वैतागली. एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात तशी बोलू नकोस, म्हणाली. मग मी गप्प बसले आणि दर पावलाला वळून बघत राहिले. वळून बघण्याच्या नादात मीच दोनदा ठेचकाळले.

वाडीवर भागीबाईची ओळख झाली. साधारण साठीची असेल. गोठ्यातून हात पुसत आली, बसायला घोंगडी टाकली आणि न विचारता ताक दिलं. माझ्याकडे बघताना डोळे बारीक करत होती. सवयीने मी म्हटलं, दुकानात या, नंबर तपासून देते. ती म्हणाली, चष्मा लावून म्हशी जास्त दूध देणार हायत का? पण पत्ता नीट विचारून घेतला. निघताना तिने सांगितलं की खिंडीत आमचे आजे आहेत, त्यांना पाला वाहून पुढे जा. आजे म्हणजे पूर्वज. जाणारा-येणारा प्रत्येकजण झाडाची एक डहाळी वाहतो, एवढंच.

खिंडीत वाटेच्या कडेला ते आजे होते, गेलेल्या धनगरांच्या आठवणीचे दगड. पुस्तकात त्यांना धनगरगळ म्हणतात, हे मला नंतर कळलं. कमरेएवढे, काळे, एकाला एक लागून उभे केलेले, शेवाळ धरलेले. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली गुरं आणि गुरांच्या मागे काठी घेतलेला माणूस. त्यांच्यापुढे सुकलेल्या पाल्याचा ढीग होता. ताईने तेरड्याची डहाळी ठेवली. मी मोबाईलवर फोटो काढला. पाला वगैरे काही वाहिला नाही, मला कशाला हवीय असली भानगड, असा माझा विचार.

माथ्यावर गेलो आणि समुद्र दिसला. खाडी, नारळीच्या वाड्या, किनाऱ्याची वाकडी रेघ आणि पुढे नुसतं पाणी, अगदी वरपर्यंत. ताई उभी राहिली. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होती… तिच्या बांगडीएवढ्या नजरेत तेवढा समुद्र मावत नव्हता, म्हणून ती तो तुकड्या-तुकड्याने बघत होती. मला रडू आलं. तिला माझे अश्रू दिसणार नाहीत हेही माझ्या लक्षात आलं आणि जास्तच आलं.

परत फिरलो तेव्हा ढग उतरायला लागले. कोकणातल्या डोंगरावर हे काही नवीन नाही, पण इतक्या लवकर असं मी पाहिलं नव्हतं. खिंडीपर्यंत येईस्तोवर चार हातांपलीकडचं दिसेना. खिंडीतून खाली गुरांच्या वाटा कितीतरी फुटतात, त्यातली घळीची कुठली ते कळेना. चुकीची धरली तर पुढे सरळ कडा. मी ताईला त्या दगडांजवळ एका कातळावर बसवलं. म्हटलं, मी वाट बघून येते, तू इथून हलायचं नाही. काहीही झालं तरी.

मी थोडीच पुढे गेले असेन. पाय घसरला. लाल चिखलावरून बसल्या-बसल्या खाली गेले आणि एका झुडपाला अडकले. घोटा मुरगळला. वर चढायला गेले तर माती हातात यायची. कशीबशी वर आले, तर मी खिंडीच्या भलत्याच बाजूला निघाले होते. ताईला हाक मारली. काही नाही. परत मारली. ढगात हाक पुढे जातच नव्हती, तोंडापाशीच थांबल्यासारखी वाटायची. शेवटी दगड सापडले. सुकलेला पाला होता, तेरड्याची डहाळी होती.

ताई नव्हती.

ते पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. मी कड्याच्या अंगाला पोटावर झोपून खाली बघितलं, पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मोबाईलला रेंज नव्हती. मी ओरडत होते आणि मध्येच थांबून ऐकत होते. मला सारखी तिची पावलं दिसत होती, दगड आहे हे न बघता पुढे पडणारी. डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवत होतं. हाड मोडलं एवढंच असू दे, असंही मी मनात म्हटलं. इतक्या खालच्या भावाला मी आले होते. मग घळ सापडली आणि मी बसून, सरपटत, हात टेकत खाली उतरले. मी डोळस, तर माझी ती अवस्था. प्रत्येक वळणावर वाटायचं, पुढच्या दगडापाशी ती दिसणार… आणि कशी दिसणार, तो विचार पुरा करायची हिंमत होत नव्हती.

वाडीवर पोचले तर ताई भागीबाईच्या पडवीत बसून कोरा चहा पीत होती. साडीला चिखलाचा एक डाग नाही. चपलांचे तळ तेवढे लाल.

मी आधी तिच्या गळ्यात पडले आणि मग अशी काही बोलले की भागीबाईची म्हैससुद्धा दचकली असेल. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला खरंच कळत नव्हतं मी का चिडलेय. तूच तर माणूस पाठवलास, म्हणाली.

तिचं म्हणणं असं होतं. मी गेल्यावर थोड्या वेळाने तिच्या मागे काठी टेकल्याचा आवाज आला. ओल्या घोंगडीचा वास आला. गुरं हाकताना करतात तसा 'हं… हां' असा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा. तिला वाटलं मी वाडीवरच्या कुणाला तरी गाठलं आणि तिला आणायला पाठवलं. ती उठली. तो पुढे झाला नाही, हात धरला नाही. मागूनच चालला. डावीकडे काठी वाजली की ती उजवीकडे सरकायची, उजवीकडे वाजली की डावीकडे. पायरी उतरायची असली की काठी दोनदा वाजायची. "शुभे, तुझ्यापेक्षा बरा होता गं," ती म्हणाली. "एक शब्द बोलला नाही."

भागीबाईने तिला उतरताना पाहिलं होतं. एकटीच येत होती, म्हणाली. सरळ, न थांबता. आम्हाला वाटलं बाईला दिसतंय की चांगलं. मागे कोणी नव्हतं. वाडीतले पुरुष त्या दिवशी खाली गावात होते, वर कुणी गेलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, असेल कुणी गुराखी, बुजरा असेल, ढगात तुम्हाला दिसला नसेल. माझ्या मनाने तिथेच फाईल बंद केली होती. ताईने मात्र आणखी एक गोष्ट सांगितली. अंगणात शिरताना तिने मागे न वळता त्या माणसाचे आभार मानले होते आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाली होती – या कधीतरी घरी. अलिबागला, चष्म्याच्या दुकानाच्या वर.

भागीबाई चहा गाळत होती, ती थांबली. "असं कशाला म्हनलात, बाय?" एवढंच बोलली आणि पुन्हा गाळायला लागली. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही, माझा घोटा ठणकत होता.

आता इथून पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की बाईने घरी जाऊन कल्पना केल्या. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी सगळं पुन्हा पुन्हा पडताळून बघितलं.

ताई घरात नीट चालायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागेना, टीपॉयला नडगी आपटेना. जिना सरळ उतरायची. पाऊल टाकण्याआधी जराशी थांबायची, कान दिल्यासारखी, आणि मग टाकायची. बाजारात एकटी जाऊन कोथिंबीर घेऊन आली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला भीती वाटली. मग मी जे केलं ते चांगलं नव्हे, पण मी नंबर काढणारी बाई आहे, तपासल्याशिवाय राहवत नाही. ती आंघोळीला गेली असताना मी पॅसेजमध्ये मधोमध स्टूल ठेवलं. पडली तर धरायला शेजारी उभी राहिले. ती आली, थांबली, स्टुलाला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी बादली ठेवली, दुसऱ्या जागी. तिलाही वळसा. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "शुभे, वाटेत सामान ठेवत जाऊ नकोस. त्याला उगाच त्रास."

मी विचारलं, कुणाला? ती पोळ्या लाटत राहिली.

मी तिला पनवेलला नेलं. मनात आशा होती की ड्रॉप्सचा गुण आला असेल, तपासणीत नजर सुधारलेली दिसेल आणि मी सुखाने झोपेन. फील्ड टेस्ट झाली. त्यात माणसाला कुठे-कुठे दिसतं याचा नकाशा येतो, न दिसणारा भाग काळा. उन्हाळ्यातल्या नकाशापेक्षा हा जास्त काळा होता. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं सोडू नका, यांना चालताना खूप अडचण येत असेल. ताई शेजारी बसून पदर सारखा करत होती. बाहेर आलो आणि ती रिक्षा, खांब, फळांची गाडी सगळं चुकवत एसटी स्टँडवर चालत गेली. मी मागून तो नकाशा छातीशी धरून पळत होते.

नजर कमी झालेल्या माणसांना कधी कधी नसलेली माणसं दिसतात. हे खरं आहे, मेंदू रिकाम्या जागा भरतो, मी शिकलेय. पण ताईला कुणी दिसत नव्हतंच. आणि मेंदूने उभं केलेलं माणूस बादली कुठे ठेवलीय हे कसं सांगणार?

एका दुपारी दुकानात मी एकटीच फ्रेम पुसत होते. वरून ताई जिना उतरत असल्याचा आवाज आला. पाऊल, आणि त्यामागून 'टक'. पाऊल, 'टक'. ताईकडे काठी नाही. मी दिली होती ती तिने पहिल्याच दिवशी कपाटाच्या मागे टाकली होती. मी बाहेर आले तर ताई शेवटच्या पायरीवर होती, हातात फक्त पिशवी. मागे जिना रिकामा. मला ऐकल्यासारखं वाटलं असेल, असं मी आजही म्हणू शकते. त्या क्षणी मात्र मी ताईला सोडून त्या रिकाम्या जिन्याकडेच बघत राहिले.

मला कशाची भीती वाटत होती ते सांगते. तो कोण आहे, त्याला काय हवंय, हे मला माहीत नव्हतं. आज काठी डावीकडे वाजवतो म्हणून ती उजवीकडे जाते. उद्या समोर गाडी असताना वाजवली नाही तर? ताईचा जीव मी अशा कुणाच्या तरी भरवशावर सोडला होता जो मला दिसत नव्हता. आणि तिला विचारावं तर ती सुखात होती. भावोजी गेल्यापासून इतकी निर्धास्त मी तिला पाहिली नव्हती.

दिवाळी झाल्यावर भागीबाई दुकानात आली, नवऱ्याला घेऊन. मला मनापासून आनंद झाला. तिला खुर्चीत बसवलं, लेन्स बदलत-बदलत वाडीची चौकशी केली. तिने सांगितलं की यंदा काही खरं नाही. जनावरं संध्याकाळी नीट परतत नाहीत. शेळ्या खिंडीतून भलत्याच वाटेला लागतात. एक कालवड कड्यावरून गेली. नवरा स्टुलावर बसून म्हणाला, बिबट्या फिरतोय, दुसरं काय. भागीबाई म्हणाली, "बिबट्या आधी बी व्हता. मागं कोनी न्हाय म्हून जातात ती."

मग तिने जे सांगितलं ते खात्रीने सांगितलं असं नाही. सासूकडून ऐकलेलं, ती म्हणाली, खरं-खोटं देव जाणे. गुरं हाकणारा मागून चालतो. दुसऱ्याचं जनावर चुकलं तर ते त्याच्या दारापर्यंत हाकत नेतो. घरची बाई उंबऱ्यात येते, ताकाचा पेला देते आणि 'पोचलं' म्हणते. तोपर्यंत हाकणाऱ्याने पाठ फिरवायची नाही. आज्यांचीही तीच रीत. "तुमच्या बायनं त्येंना घरी बोलावलं," भागीबाई म्हणाली. "पन पोचलं असं म्हनलं न्हाय. मंग ते परततील कसे?"

माझ्या हातातली लेन्स तशीच राहिली. आणि आता जे कबूल करतेय ते मला स्वतःलाच विचित्र वाटतं. इतके दिवस मला तो माणूस नकोसा होता, आणि तो परत जाऊ शकतो हे कळल्याबरोबर मला वाटलं, नको. राहू दे. ताईच्या मागे राहू दे. कालवडीचे पैसे मी देते, असंही तोंडावर आलं होतं. मी भागीबाईला म्हटलं, बघू. नंबर लिहून घेतला, फ्रेम पसंत करून घेतली, चष्मा तयार झाला की निरोप देते म्हणाले.

ताई जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ते दोघं गेल्यावर मी तिला समजवायला लागले. हे सगळं थोतांड आहे, बिबट्याच असणार, जनावरं काय दरवर्षीच मरतात. म्हणजे ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता ती टिकावी म्हणून मी ती खोटी आहे असं सांगत होते. ताईने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "दुसऱ्यांचा माणूस किती दिवस ठेवून घ्यायचा, शुभे? त्याला त्याचं काम आहे."

मी विचारलं, आणि तुझं काय?

"माझं झालं की," ती म्हणाली. "पोचले मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ताक केलं. मीठ, जिरं, चिमूटभर हिंग, पाहुण्यासाठी करतात तसं. मग एकटीच जिना उतरली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मी वरच्या दारात पेला घेऊन उभी होते. ती कशी आली ते मी डोळे भरून बघितलं. मधल्या पायरीवर कुणाची तरी चप्पल पडली होती, तिला चुकवून आली. आमच्या दाराबाहेर एक पायरी आहे आणि मग उंबरा. त्या पायरीखाली ती थांबली. माझ्या हातातून पेला घेतला आणि मागे न बघता, वाकून, आपल्या पाठीमागे जिन्याच्या चौकात ठेवला.

"पोचले हो, बाबा," ती म्हणाली. "लई चालवलंत मला. आता जावा घरी. तुमची गुरं वाट बघतात."

काही झालं नाही. वारा सुटला नाही, पेला हलला नाही. खाली रस्त्यावर टेम्पोवाला भांडी विकत होता. मी मनात म्हटलं, बघ, काही नसतंच.

ताईने आत यायला पाय उचलला. अंगठा पायरीवर आपटला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपले, भिंतीपासून बरंच लांब. इतके महिने ज्या पायरीवरून ती रोज ये-जा करत होती, त्या पायरीपुढे ती उभी होती आणि तिचा चेहरा… तो चेहरा मी दुकानात पुष्कळ पाहिलाय, पण माझ्या बहिणीचा कधी पाहिला नव्हता.

"शुभे," ती म्हणाली, "पायरी कुठाय गं?"

नजर अशी जात नाही. काचबिंदू वर्षानुवर्षं थोडा-थोडा घेत जातो, एका पावलाइतक्या वेळात काही नेत नाही. हे मी कुठल्याही डॉक्टरसमोर छातीठोकपणे सांगेन. मग आदल्या क्षणापर्यंत चप्पल चुकवणारी बाई पुढच्या क्षणी अशी का उभी राहिली? तिच्या मनाने घेतलं म्हणावं, तर आधीचे ते सगळे दिवस ती नुसत्या मनाच्या जोरावर बादल्या चुकवत होती का? मी रोज एक उत्तर तयार करते आणि दुपारपर्यंत तेच मला पटेनासं होतं. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच लिहा, मी हसणार नाही.

ताई आता माझ्या खांद्यावर हात ठेवून चालते. मी पायऱ्या पुकारते आणि ती काही बोलत नाही.

भागीबाईचा चष्मा केव्हाच तयार झालाय, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी निरोप पाठवलेला नाही. ती येणार आणि बसल्या-बसल्या जनावरांचं सांगणार. अजून भरकटतात म्हणाली, तर ताईने उगाचच सगळं घालवलं. आणि वेळेवर घरी यायला लागली म्हणाली, तर… मला तेही ऐकायचं नाहीये.

ताई रोज विचारते, भागीबाई येऊन गेली का. मी सांगते, काच अजून मुंबईहून यायचीय.